सातत्यदोष आणि पुरावा : 'कोलंबो' या गुप्तहेर मालिकेची एक चिकित्सा

गोषवारा

दूरचित्रवाणीवरील गुप्तहेर मालिकांतील निर्मितीच्या चुका शोधून काढणे हा प्रेक्षकांचा जुना छंद आहे. अशा चुकांची यादी म्हणजे समीक्षा नव्हे, हे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. ज्या कथाप्रकारात पडद्यावरील प्रत्येक वस्तू संभाव्य पुरावा असते, तेथे निर्मात्यांकडून झालेल्या चुकीचे स्थान नेमके कोणते? प्रस्तुत लेखात 'कोलंबो' या अमेरिकन मालिकेच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. या मालिकेतील नायक अनेकदा खुन्याने रचलेल्या प्रसंगातील सातत्यभंग ओळखूनच गुन्हा सिद्ध करतो. त्यामुळे मालिकेच्या स्वतःच्या सातत्यदोषांचे मूल्यमापन तिच्याच कसोटीवर करता येते. त्यासाठी दोषांचे तीन स्तर कल्पून भारतीय काव्यशास्त्रातील दोषविचाराचा आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : सातत्य, सातत्यदोष, गुप्तहेर मालिका, कोलंबो, दोषविचार, पुरावा

१. प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने लोकप्रिय साहित्य आणि दूरचित्रवाणी या विषयावरील प्रकल्पात 'कोलंबो' मालिकेतील चुकांची यादी सादर केली. यादी नेटकी होती. भागाचे नाव, प्रसंग आणि चूक असे तीन रकाने होते. त्यातील एक नोंद अशी होती : 'एट्यूड इन ब्लॅक' या भागात वाद्यवृंदाचा संचालक मैफलीत उभा असताना त्याच्या कोटावर फूल नाही, त्याच रात्री पुढच्या एका प्रसंगात ते आहे. या नोंदीपुढे मी बरोबरची खूण केली आणि प्रकल्पाला चांगले गुण दिले.

पुढे एका सुट्टीत तो भाग मी संपूर्ण पाहिला, तेव्हा माझी चूक ध्यानात आली. ते फूल नसणे आणि नंतर असणे ही निर्मात्यांची चूक नव्हती. तोच त्या भागातील निर्णायक पुरावा होता. विद्यार्थ्याने भाग तुकड्यातुकड्यांनी पाहिला होता आणि मी तर पाहिलाच नव्हता. ज्यावर खुनी पकडला जातो, त्याची नोंद आम्ही दोघांनी मिळून निष्काळजीपणा म्हणून केली होती.

प्रसंग लहान असला तरी त्यातून निर्माण होणारा प्रश्न लहान नाही. कलाकृतीतील विसंगती दिसली की ती दोष आहे की अर्थपूर्ण योजना आहे, हे कशाच्या आधारे ठरवायचे? दोष असेलच, तर तो कलाकृतीचे कितपत नुकसान करतो? साहित्याच्या अध्यापकाला हे प्रश्न नवे नाहीत. गुप्तहेर मालिकेत मात्र ते विशेष तीव्रतेने उभे राहतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. सातत्य : संकल्पना आणि निर्मितीप्रक्रिया

चित्रपट आणि दूरचित्रवाणी या माध्यमांत 'सातत्य' ही संज्ञा विशिष्ट अर्थाने वापरली जाते. पडद्यावर सलग दिसणारा दोन मिनिटांचा संवाद प्रत्यक्षात कित्येक तास, कधी वेगवेगळ्या दिवशी, चित्रित झालेला असतो. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. ते जागेच्या, नटांच्या उपलब्धतेच्या आणि प्रकाशाच्या सोयीने होते. घराच्या दारातून बाहेर पडणारा माणूस आणि त्याच क्षणी अंगणात पाऊल ठेवणारा माणूस यांच्यामध्ये आठवडाभराचे अंतर असू शकते. हे अंतर प्रेक्षकाला जाणवू नये म्हणून चित्रीकरणस्थळी स्क्रिप्ट सुपरवायझरची नेमणूक केलेली असते. चहाचा पेला कोणत्या हातात होता, सिगार किती उरली होती, गळपट्टा कोणत्या खांद्यावर होता, वाक्यातील कोणत्या शब्दावर नट उठून उभा राहिला, या सर्वांची नोंद ही व्यक्ती ठेवते. डिजिटल कॅमेरे येण्यापूर्वी या कामी पोलरॉईड छायाचित्रांचा मोठा उपयोग होत असे.

इतकी काळजी घेऊनही चुका राहतात, आणि काही वेळा त्या जाणूनबुजून राहू दिल्या जातात. संकलकासमोर दोन तुकडे असतात. एकात नटाचा अभिनय उत्कृष्ट असतो, परंतु हातातील पेला जुळत नाही. दुसऱ्यात पेला जुळतो, परंतु अभिनय निर्जीव असतो. अनुभवी संकलक बहुधा पहिला तुकडा निवडतो. म्हणजेच पडद्यावर दिसणारी प्रत्येक विसंगती अज्ञानातून आलेली नसते. अधिक मोलाच्या गोष्टीसाठी मोजलेली किंमत असेही तिचे स्वरूप असू शकते.

या संदर्भात आपल्याकडील एक उदाहरण उद्बोधक ठरेल. मुंबईत घडणाऱ्या आणि शिवाजी साटम यांच्या एसीपी प्रद्युम्न या भूमिकेमुळे घरोघरी पोचलेल्या 'सीआयडी' या हिंदी मालिकेने २००४ मध्ये 'द इनहेरिटन्स' हा १११ मिनिटांचा भाग एकाच सलग शॉटमध्ये सादर केला. कोठेही काप नसेल, तर कापामुळे उद्भवणारा विसंवादही नसतो. या अर्थाने सातत्याच्या प्रश्नावरचे ते टोकाचे उत्तर होय. परंतु पुराव्याची साखळी पक्की आहे काय, संशयिताने कबुली का दिली, हे प्रश्न एकसलग चित्रीकरणाने सुटत नाहीत. दृश्याचे सातत्य आणि तर्काचे सातत्य या दोन भिन्न बाबी आहेत.

३. 'कोलंबो' मालिकेचे स्वरूप

रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकद्वयाने निर्माण केलेले लेफ्टनंट कोलंबो हे पात्र १९६० मध्ये दूरचित्रवाणीवर प्रथम अवतरले. तेव्हा ती भूमिका बर्ट फ्रीड यांनी केली होती. पुढे 'प्रिस्क्रिप्शन : मर्डर' या नाटकातून ते रंगभूमीवर गेले आणि १९६८ मध्ये त्याच नावाच्या दूरचित्रवाणीपटात पीटर फॉक यांनी ते साकारले. १९७१ ते १९७८ या काळात एनबीसी वाहिनीवर आणि १९८९ ते २००३ या काळात एबीसी वाहिनीवर मालिका प्रसारित झाली. दोन्ही प्रारंभिक दूरचित्रवाणीपट धरून एकूण ६९ भाग होतात. पस्तीस वर्षांच्या या प्रवासात लेखक, दिग्दर्शक, निर्माते आणि वाहिनी बदलली. नट तेवढा एकच राहिला. इतक्या दीर्घ काळात विसंगती निर्माण होणे स्वाभाविक होते.

मालिकेच्या रचनेत एक वैशिष्ट्य आहे. रूढ रहस्यकथेत खुनी कोण हे अखेरपर्यंत गुप्त ठेवले जाते. येथे बहुतेक भागांत प्रेक्षक प्रारंभीच खून पाहतो. खुनी कोण, त्याने बनाव कसा रचला, हे त्याला माहीत असते. उत्कंठा असते ती एवढीच की, बनावातील कोणता धागा सुटला आहे आणि तो कोलंबोला कसा सापडेल. अशा रचनेत प्रेक्षकाची नजर व्यक्तींवरून वस्तूंकडे वळते. मेजावरचे पत्र, घड्याळाचा टोला, बुटाची नाडी यांकडे तो संशयाने पाहू लागतो. खुनी कोण हे कोडे नसल्याने सारे लक्ष तपशिलावर केंद्रित होते. मालिका आपल्या प्रेक्षकाला एक प्रकारे तपासनीस म्हणून घडवते.

४. सातत्यभंग हाच पुरावा

'कोलंबो'तील खुनी हा बहुतांशी एखाद्या दिग्दर्शकासारखा वागतो. तो प्रसंग रचतो, वेळ ठरवतो, वस्तू मांडतो आणि प्रेक्षक म्हणून पोलिसांना बोलावतो. कोलंबोची भूमिका त्या चित्रीकरणस्थळी उशिरा आलेल्या स्क्रिप्ट सुपरवायझरची असते. खुन्याने मांडलेला प्रसंग कोठे जुळत नाही, हे तो पाहतो. हे विधान केवळ रूपक म्हणून केलेले नाही. पुढील उदाहरणांत ते अक्षरशः खरे ठरते.

'एट्यूड इन ब्लॅक' (१९७२) मध्ये जॉन कॅसाव्हेटिस यांनी रंगवलेला वाद्यवृंद-संचालक एका पियानोवादक स्त्रीचा खून करतो. त्या वेळी त्याच्या कोटावरील कार्नेशनचे फूल तिच्या घरात पडते. नंतर तो घटनास्थळी जातो, फूल उचलतो आणि कोटाला लावतो. मैफलीच्या चित्रमुद्रणात फूल नाही; त्या घरातून बाहेर पडतानाच्या वृत्तचित्रणात ते आहे. कोलंबो दोन चित्रणे शेजारीशेजारी ठेवतो. संकलनाच्या टेबलावर केल्या जाणाऱ्या तपासणीहून ही कृती वेगळी नाही.

'प्लेबॅक' (१९७५) मधील खुनी घरातील कॅमेऱ्यांच्या साहाय्याने खुनाचे चित्रण करतो आणि आपण कलादालनात असताना ते पहारेकऱ्यापुढे दिसेल अशी योजना करतो. त्या चित्रणात मेजावर कलादालनाचे निमंत्रणपत्र दिसते. ते पत्र घेऊनच तो कलादालनात गेलेला असतो. म्हणजे खून त्याच्या प्रस्थानापूर्वी झालेला आहे. 'द मोस्ट क्रूशियल गेम' (१९७२) मध्ये सातत्यभंग ध्वनीचा आहे. मुद्रित दूरध्वनी-संभाषणात ज्या क्षणी घड्याळाचा टोला ऐकू यायला हवा, त्या क्षणी तो येत नाही. 'ॲन एक्सरसाइज इन फेटॅलिटी' (१९७४) मध्ये मृताच्या बुटांच्या नाड्या ज्या पद्धतीने बांधल्या आहेत, त्यावरून त्या त्याने स्वतः बांधलेल्या नाहीत हे सिद्ध होते. 'कॉशन : मर्डर कॅन बी हॅझर्डस टू युअर हेल्थ' (१९९१) मध्ये खुनी दूरचित्रवाणीवरील गुन्हेविषयक कार्यक्रमाचा सूत्रसंचालक असून, त्याने सादर केलेल्या चित्रफितीतील झुडपांच्या छाटणीची स्थिती त्या दिवसाशी जुळत नाही.

'फेड इन टू मर्डर' (१९७६) मध्ये तर विल्यम शॅटनर यांनी रंगवलेला खुनी स्वतःच दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय हेराची भूमिका करणारा नट आहे. मालिकेतील हेर आणि खरा हेर समोरासमोर येतात आणि खोटा हेर खऱ्याला तपासात मदत करतो. मालिका आपल्याच माध्यमाकडे किती जाणीवपूर्वक पाहते, याचे हे उदाहरण होय.

या सर्वांतून एक गोष्ट स्पष्ट होते. या मालिकेच्या नीतीत निष्काळजीपणाला क्षमा नाही. प्रतिभावान, श्रीमंत, सुसंस्कृत खुनी एका फुलामुळे, एका कार्डामुळे हरतो. मग हीच मालिका स्वतः निष्काळजी राहिली तर प्रेक्षकाने काय करावे? तिनेच दिलेली दृष्टी तिच्याकडे वळवण्याचा अधिकार प्रेक्षकाला निश्चितच आहे. मात्र कोलंबो जसा प्रत्येक विसंगतीचे वजन वेगवेगळे मानतो, तसेच येथेही करावयास हवे.

५. निर्मितीतील दोषांचे तीन स्तर

(अ) दृश्याचा स्तर : दोन शॉट्समध्ये सिगारची लांबी बदलणे, केसांची बट जागा सोडणे, मायक्रोफोनची सावली पडणे, साहसदृश्यात नटाऐवजी बदली माणूस ओळखू येणे, असे प्रकार या स्तरावर येतात. साप्ताहिक दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकात ते अटळ असतात. यांचे आयुष्य क्षणभराचे असते. घरी मुद्रणाची सोय नसलेल्या १९७१ च्या प्रेक्षकाला ते दिसण्याचा संभव फारच कमी होता. व्हिडिओ कॅसेट आणि पुढे डीव्हीडी यांमुळे दृश्य थांबवून पाहण्याची सोय झाली, आणि जे दोष प्रसारणाच्या वेळी जणू अस्तित्वातच नव्हते ते पुढच्या पिढीला दिसू लागले. दोषाचाही एक तांत्रिक इतिहास असतो, हे येथे नोंदवले पाहिजे.

(आ) कथाविश्वाचा स्तर : या स्तरावरील विसंगती भागाभागांमधील असतात. कोलंबोची प्यूजो ४०३ ही जुनी फ्रेंच मोटार पहिल्या कालखंडात एका क्रमांकाची पाटी वागवते आणि १९८९ नंतर दुसऱ्या. १९७२ पासून दिसणारा त्याचा बॅसेट जातीचा कुत्रा मरण पावल्यावर त्याच जातीचा दुसरा कुत्रा त्या जागी आला; कथेत मात्र तो तोच राहिला. कोलंबोची पत्नी हा याहून गुंतागुंतीचा विषय आहे. ती त्याच्या बोलण्यात सतत येते, पडद्यावर कधीच येत नाही. 'ट्रबल्ड वॉटर्स' (१९७५) मध्ये ती त्याच जहाजावर प्रवास करीत असते, तरीही आपल्याला दिसत नाही. १९७९ मध्ये वाहिनीने 'मिसेस कोलंबो' नावाची स्वतंत्र मालिका काढून केट मुलग्रू यांना त्या भूमिकेत उभे केले. लेव्हिन्सन आणि लिंक यांना ही कल्पना मान्य नव्हती. पुढे त्या मालिकेने आपले नाव बदलले, नायिकेचे आडनावही बदलले आणि ती लवकरच बंद पडली. मूळ मालिका १९८९ मध्ये परतली तेव्हा पत्नी पूर्ववत अदृश्य होती.

येथे एक बाब विचारात घेण्यासारखी आहे. याच स्तरावरील सर्वांत मोठी विसंगती कोणीही दोष म्हणून मोजत नाही. रॉबर्ट कल्प यांनी १९७१, १९७२ आणि १९७३ अशी सलग तीन वर्षे तीन वेगळ्या खुन्यांची भूमिका केली. जॅक कॅसिडी यांनीही तीन खुनी रंगवले. पॅट्रिक मॅकगूहन तर १९७४ ते १९९८ या काळात चार वेळा खुनी म्हणून कोलंबोसमोर उभे राहिले. ज्या हेराला बुटाच्या नाडीची गाठ खटकते, त्याला गेल्या वर्षी पकडलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही! प्रेक्षकाने हे हसत स्वीकारले, कारण तो संकेत आहे. दशावतारी नाटकात एकाच रात्री एकाच नटाने दोन सोंगे घेतली तरी प्रेक्षक बिचकत नाही, तसेच हे. यावरून विसंगतीचा आकार आणि दोषाची तीव्रता यांचे प्रमाण सरळ नसते, हे सिद्ध होते.

(इ) पुराव्याचा स्तर : हा स्तर सर्वांत महत्त्वाचा होय. 'मर्डर बाय द बुक' (१९७१) हा स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी दिग्दर्शित केलेला भाग दृश्यमांडणीच्या दृष्टीने मालिकेतील उत्तम भागांपैकी एक आहे. परंतु त्याच्या शेवटी कोलंबोच्या हाती येतो तो मृत लेखकाच्या कागदांत सापडलेला एका खुनाच्या योजनेचा आराखडा. खुनी त्यावर कोसळतो. न्यायालयात हा कागद किती टिकला असता, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. 'डॅगर ऑफ द माइंड' (१९७२) मध्ये याहून गंभीर बाब घडते. छत्रीत सापडणारा मोत्याचा मणी कोलंबोनेच तेथे टाकला असावा, असे शेवटी सूचित केले जाते. 'निगेटिव्ह रिॲक्शन' (१९७४) मध्ये तो छायाचित्र जाणीवपूर्वक उलटे छापून आणतो. मात्र तेथे खुनी स्वतःच्या बचावासाठी अनेक कॅमेऱ्यांतून नेमका तो एक कॅमेरा उचलतो आणि केवळ खुन्यालाच असू शकणारे ज्ञान प्रकट करतो. खोट्या छायाचित्रातून तेथे खरा पुरावा निर्माण होतो. मण्याच्या बाबतीत मात्र पुरावाच खोटा राहतो. दोन्ही ठिकाणी युक्ती आहे, पण तर्काच्या दृष्टीने पहिली मालिकेच्या कराराबाहेर जाते आणि दुसरी त्या कराराच्या आत राहते.

६. भारतीय काव्यशास्त्रातील दोषविचाराच्या प्रकाशात

वरील तीन स्तरांची तरतमता ठरवण्यासाठी आपल्या परंपरेतील दोषविचार आजही उपयुक्त ठरतो. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त दोषाची व्याख्या मुख्य अर्थाचा घात करणारी गोष्ट अशी केली आहे. व्याख्येचे मर्म 'मुख्य' या शब्दात आहे. जे मुख्यार्थाला बाधा आणत नाही, त्याची गणना करून उपयोग नाही. गुप्तहेर मालिकेचा मुख्यार्थ कोणता? गुन्हा आणि पुरावा यांतील संबंध प्रेक्षकासमोर न्यायाने उलगडणे, हा होय. या निकषावर सिगारची लांबी बाद होते. छत्रीतील मणी मात्र बाद होत नाही. मम्मटाच्या अर्थदोषांपैकी 'व्याहत' म्हणजे परस्परविरोधी, 'दुष्क्रम' म्हणजे क्रम बिघडलेला आणि 'निर्हेतु' म्हणजे कारण न दिलेला, हे तीन दोष जणू गुप्तहेर कथेसाठीच सांगितले असावेत असे वाटते. खुन्याच्या बनावात कोलंबो शोधतो ते नेमके हेच तीन दोष.

आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त केलेला भेद येथे अधिकच मार्मिक ठरतो. व्युत्पत्तीच्या अभावी आलेला दोष कवीच्या प्रतिभाशक्तीने झाकला जातो. शक्तीच्याच अभावी आलेला दोष मात्र तत्काळ नजरेत भरतो, असे तो म्हणतो. पीटर फॉक दारापर्यंत जाऊन पुन्हा वळतात तेव्हा मोटारीच्या पाटीवरचा क्रमांक कोणी पाहत नाही. याउलट नंतरच्या कालखंडातील एखाद्या शिथिल भागात संवाद लांबला आणि उत्कंठा विरली, की नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते. प्रेक्षकाला किरकोळ चुका दिसू लागणे हे अनेकदा मोठ्या उणिवेचे लक्षण असते. ॲरिस्टॉटलनेही 'पोएटिक्स'मध्ये कलेच्या स्वरूपाशी निगडित चूक आणि आनुषंगिक चूक असा भेद करून, हरिणीला शिंगे नसतात हे चित्रकाराला ठाऊक नसणे हा हरिणी ओळखू न येईल इतके वाईट चित्र काढण्यापेक्षा लहान दोष मानला आहे. दोन भिन्न परंपरा येथे एकाच निष्कर्षाशी येतात, ही बाब लक्षणीय आहे.

याचा अर्थ किरकोळ चुकांचा अभ्यास व्यर्थ आहे असा नव्हे. आर्थर कॉनन डॉइल यांच्या 'अ स्टडी इन स्कार्लेट' (१८८७) मध्ये डॉ. वॉटसनची जखम खांद्याला आहे, तर 'द साइन ऑफ फोर' (१८९०) मध्ये ती पायाला. या एका विसंगतीवर वाचकांनी पिढ्यान् पिढ्या गंमतीच्या पांडित्याचा इमला उभारला. १९११ मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी केलेल्या उपरोधिक विवेचनापासून त्याला गंभीर चेहरा लाभला. येथे लेखकाच्या विस्मरणातून वाचकांचा एक स्वतंत्र खेळ जन्माला आला. प्रेम असल्याखेरीज इतकी बारकाईने चूक शोधली जात नाही, हेही खरे.

७. नावाची कथा : चूक, सापळा आणि उसनवारी

कोलंबोच्या पहिल्या नावाचे प्रकरण या विवेचनात स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. त्याला पहिले नाव द्यायचे नाही, असे निर्मात्यांचे धोरण होते. तरीही 'डेड वेट' (१९७१) आणि 'अ मॅटर ऑफ ऑनर' (१९७६) या भागांत तो दाखवतो त्या पोलीस ओळखपत्रावर 'फ्रँक' हे नाव वाचता येते. कार्ड तयार करताना कोणीतरी रिकामी जागा भरली, एवढाच त्याचा अर्थ असावा. पण दृश्य थांबवून पाहणाऱ्यांसाठी ते नाव म्हणजे पुरावा ठरला. निर्मितीतील एका तपशिलाने पात्राला नाव दिले.

याच सुमारास फ्रेड वर्थ यांच्या 'द ट्रिव्हिया एन्सायक्लोपीडिया' (१९७४) या ग्रंथात कोलंबोचे पहिले नाव 'फिलिप' असल्याचे छापले गेले. हे नाव कोणत्याही भागात नव्हते. आपल्या ग्रंथातून कोणी मजकूर उचलला तर तो ओळखता यावा, म्हणून वर्थ यांनी ते मुद्दाम पेरले होते. पुढे 'ट्रिव्हियल पर्सूट' या लोकप्रिय खेळातील एका प्रश्नाचे उत्तर म्हणून 'फिलिप' अवतरले. वर्थ यांनी १९८४ मध्ये तीस कोटी डॉलर्सचा दावा लावला. खेळाच्या निर्मात्यांनी त्यांच्या ग्रंथाचा उपयोग केल्याचे नाकारले नाही. तथ्यांवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो ग्राह्य धरला गेला आणि १९८७ मध्ये अपील न्यायालयानेही वर्थ यांच्या विरोधात निर्णय दिला.

या प्रकरणात कोलंबोच्या पद्धतीचे सर्व घटक आहेत. वर्थ यांनी सापळा लावला, सावज सापडले, पुरावाही निर्विवाद होता; तरी दावा टिकला नाही. कायद्याच्या दृष्टीने निर्णय योग्य असेलही. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र त्यातून मिळणारा धडा वेगळा आहे. मूळ कृती न पाहता दुसऱ्याच्या यादीवरून उत्तर घेतले की 'फिलिप' आपल्याही लेखनात येऊन बसतो. संदर्भावरून संदर्भ घेण्याची आपल्या क्षेत्रातील सवय पाहता, हे उदाहरण केवळ करमणुकीच्या जगातले आहे असे मानून चालणार नाही. कोलंबो दुसऱ्याच्या अहवालावर विसंबत नाही. तो घटनास्थळी जातो, तेच तेच प्रश्न विचारतो आणि वेंधळा समजला जाण्याची लाज बाळगत नाही.

८. समारोप

सदर विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) गुप्तहेर मालिकेत वस्तू ही पुराव्याची भाषा असल्याने तेथील सातत्यदोष हा खोटा पुरावा ठरण्याची शक्यता असते. म्हणून तो इतर कथाप्रकारांतील सातत्यदोषापेक्षा अधिक विचारार्ह आहे.

२) तथापि सर्व दोष समान नाहीत. दृश्यस्तरावरील दोष बहुधा उपेक्षणीय असतात. कथाविश्वातील विसंगती अनेकदा संकेत किंवा आख्यायिका बनते. पुराव्याच्या स्तरावरील दोष मात्र मुख्यार्थाचा घात करतो.

३) विसंगती दिसणे ही समीक्षेची सुरुवात होय. ती योजना आहे की चूक, आणि चूक असल्यास ती कशामुळे झाली, हे संपूर्ण कृती पाहिल्याखेरीज ठरवता येत नाही.

तिसरा निष्कर्ष मी विद्यार्थ्यांना सांगतो, पण तो प्रथम मला स्वतःला लागू आहे. तो भाग पाहिल्यानंतर मी त्या विद्यार्थ्याला बोलावून घेतले आणि आम्ही दोघांनी 'एट्यूड इन ब्लॅक'चा शेवट एकत्र पाहिला. दोन चित्रणे पडद्यावर आली तेव्हा तो म्हणाला, "सर, म्हणजे मी पुरावाच चूक म्हणून लिहिला." मी त्याला सांगितले की ती चूक त्याची एकट्याची नव्हती, तिच्यापुढे बरोबरची खूण माझी होती. गुण बदलण्याची मुदत उलटून गेली होती. त्यानंतर प्रकल्प तपासताना मात्र मी एक नियम पाळतो. विद्यार्थ्याने नोंदवलेल्या चुकांपैकी किमान एक तरी, मूळ कृती समोर ठेवून, शेवटपर्यंत पाहतो.